शिक्का कुणाकडे? डार्टमथ कॉलेजचा खटला आणि विश्वस्त नेमणारा कायदा

१८१७ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एक दावा दाखल झाला. फिर्यादीने काय मागितलं होतं ते आधी बघा: सभांच्या इतिवृत्ताच्या २ वह्या, जमाखर्चाच्या ४ वह्या, १ मूळ सनद आणि १ शिक्का. या वस्तू परत द्या, नाहीतर नुकसानभरपाई म्हणून ५० हजार डॉलर द्या.

एवढ्याशा दप्तरासाठी ५० हजार डॉलर? त्या काळात ही रक्कम अफाट होती. पण ज्याच्या हातात ते दप्तर आणि तो शिक्का, त्याचं कॉलेज, असा सरळ हिशोब होता. हा दावा पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. 'ट्रस्टीज ऑफ डार्टमथ कॉलेज विरुद्ध वुडवर्ड' या नावाने तो आजही कायद्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो.

ना-नफा संस्था, ट्रस्ट, शिक्षणसंस्था यांपैकी कशावरही तुम्ही संशोधन करणार असाल तर कधी ना कधी हा प्रश्न समोर येतोच: संस्थेचं नियामक मंडळ नेमायचा अधिकार कुणाचा? आणि राज्याच्या कायदेमंडळाला त्यात किती हात घालता येतो? मी सुरुवातीला या खटल्याचं फक्त निकालपत्र वाचलं होतं. ज्या कायद्यावरून भांडण झालं तो कायदा वाचलाच नव्हता. त्यामुळे बरीच गडबड झाली. ती तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे 'कॉर्पोरेशन' म्हटलं की लोकांना महापालिका आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. कॉर्पोरेशन म्हणजे कायद्याने जन्माला घातलेली 'व्यक्ती'. तिला स्वतःचं नाव असतं, शिक्का असतो, ती जमीन घेऊ शकते, कोर्टात जाऊ शकते, आणि तिचे सदस्य मेले तरी ती मरत नाही.

नफ्याच्या कंपनीत मालक कोण, याचं उत्तर सोपं असतं: भागधारक. ना-नफा कॉर्पोरेशनमध्ये भागधारकच नसतात. देणगीदार पैसे देऊन मोकळे होतात, लाभार्थी येतात आणि जातात. मग मागे उरतं फक्त मंडळ. म्हणून इथे 'मंडळावर कोण?' हा प्रश्न म्हणजेच 'संस्था कुणाची?' हा प्रश्न असतो. राज्याने संस्थेचा एक पैसा न घेता नुसती मंडळातली नावं बदलली तरी संस्थेचा ताबा बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

सनद आणि तिच्यामागचा पैसा

एलेझर व्हीलॉक हे कनेटिकटमधले धर्मोपदेशक. तिथल्या मूळ रहिवासी मुलांना ख्रिस्ती शिक्षण देण्यासाठी त्यांनी १७५४ मध्ये एक शाळा काढली. त्यांचे पहिले मोठे विद्यार्थी म्हणजे मोहिगन जमातीचे सॅमसन ऑकम. पुढे ऑकम स्वतः धर्मोपदेशक झाले. १७६६ ते १७६८ या काळात ते शाळेसाठी निधी गोळा करायला ब्रिटनमध्ये फिरले. त्यांनी ३०० हून अधिक प्रवचनं दिली आणि ११ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. या पैशाची देखरेख करायला लंडनमध्ये विश्वस्त नेमले गेले आणि त्यांचे प्रमुख होते लॉर्ड डार्टमथ.

१३ डिसेंबर १७६९ रोजी राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांनी कॉलेजला सनद दिली. तिच्यातल्या तरतुदी थोडक्यात अशा: १२ विश्वस्त, जागा रिकामी झाली की उरलेल्या विश्वस्तांनीच ती भरायची, न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर पदसिद्ध विश्वस्त, आणि संस्थापक व्हीलॉक यांना मृत्युपत्राने आपला वारस अध्यक्ष नेमायची मुभा.

या शेवटच्या तरतुदीनेच पुढे घोळ केला. १७७९ मध्ये एलेझर वारले आणि मुलगा जॉन व्हीलॉक अध्यक्ष झाला. वर्षं गेली तशी जुनी माणसं गेली, मंडळाने नवी माणसं निवडली आणि ती अध्यक्षांचं ऐकेनाशी झाली. १८१५ मध्ये जॉन व्हीलॉकनी स्वतःचं नाव न घालता एक पुस्तिका छापून विश्वस्तांवर तोफ डागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वस्तांनी त्यांना काढून टाकलं आणि फ्रान्सिस ब्राऊन यांना अध्यक्ष केलं. गावच्या शाळेच्या संचालक मंडळातलं भांडण तुम्ही पाहिलं असेल तर हे फार ओळखीचं वाटेल.

१८१६ चा कायदा

आता राजकारण आलं. विश्वस्त बहुतेक फेडरलिस्ट पक्षाचे. १८१६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे विल्यम प्लमर गव्हर्नर झाले. त्यांचा मुद्दा असा की ही सनद राजाने दिलेली आहे आणि स्वतःचे वारस स्वतःच निवडणारं मंडळ लोकशाही राज्यात शोभत नाही. थॉमस जेफरसन यांनीही त्यांना पत्र लिहून पाठिंबा दिला. मेलेल्या पिढीने करून ठेवलेल्या व्यवस्थेला जिवंत पिढीने हात लावायचा नाही, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

२७ जून १८१६ ला कायदा झाला. त्याने काय केलं बघा:

१. 'डार्टमथ कॉलेज'चं नाव 'डार्टमथ युनिव्हर्सिटी' केलं.
२. विश्वस्तांची संख्या १२ वरून २१ केली. वाढलेल्या जागांवर नेमणूक गव्हर्नर आणि त्यांच्या परिषदेने करायची.
३. वर २५ पर्यवेक्षकांचं आणखी एक मंडळ बसवलं. विश्वस्तांचे महत्त्वाचे निर्णय रोखायचा अधिकार त्याला दिला.

जुन्या १२ जणांपैकी एकालाही काढलेलं नव्हतं, हे बारकाईने बघा. कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? पण २१ मध्ये १२ चं बहुमत फार काळ टिकत नाही. आणि ते टिकलं तरी डोक्यावर २५ जण बसलेलेच.

जुन्या विश्वस्तांनी साधी युक्ती केली: ते नव्या मंडळाच्या सभेला गेलेच नाहीत. कोरम पुरा होईना. मग डिसेंबर १८१६ मध्ये कायदेमंडळाने दुरुस्ती करून कोरम ९ वर आणला. शिवाय या कायद्याबाहेर राहून कुणी विश्वस्त म्हणून काम केलं तर ५०० डॉलर दंड लावला.

विल्यम वुडवर्ड हे कॉलेजचे सचिव आणि खजिनदार. ते नव्या मंडळाकडे गेले आणि जाताना दप्तर, सनद, शिक्का सगळं घेऊन गेले. एका छोट्या गावात दोन संस्था, दोन अध्यक्ष झाले. इमारत युनिव्हर्सिटीने ताब्यात घेतली. कॉलेजचे वर्ग जवळच भाड्याच्या खोल्यांत भरू लागले आणि बहुतेक विद्यार्थी तिकडेच गेले. सुरुवातीला सांगितलेला दावा याच वुडवर्डविरुद्धचा.

कोर्टात दोन वाचनं

नोव्हेंबर १८१७ मध्ये राज्याच्या कोर्टाने विश्वस्तांविरुद्ध निकाल दिला. मुख्य न्यायाधीश रिचर्डसन यांचा तर्क वाचण्यासारखा आहे. ते म्हणतात, कॉर्पोरेशन खाजगी की सार्वजनिक हे तिच्या उद्देशावरून ठरतं. कॉलेजचा उद्देश सार्वजनिक, विश्वस्तांना त्यातून वैयक्तिक लाभ काही नाही, म्हणून ही सार्वजनिक कॉर्पोरेशन. आणि सार्वजनिक कॉर्पोरेशनची व्यवस्था लोकांचे प्रतिनिधी बदलू शकतात.

मार्च १८१८ मध्ये वॉशिंग्टनला युक्तिवाद झाले. विश्वस्तांच्या बाजूने याच कॉलेजात शिकलेले डॅनियल वेब्स्टर उभे राहिले. निकाल लागला २ फेब्रुवारी १८१९ ला, ५ विरुद्ध १, विश्वस्तांच्या बाजूने. भरपाईची रक्कम २० हजार डॉलर ठरली. तोवर वुडवर्ड वारले होते.

सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी प्रश्नच उलटा मांडला. उद्देश सार्वजनिक असला म्हणून संस्था सरकारी होत नाही, पैसा कुणाचा होता ते बघा. पैसा खाजगी देणगीदारांचा. त्यांनी तो ठरावीक अटींवर दिला आणि सनद म्हणजे त्या अटींचा करार. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं १० वं कलम सांगतं की कोणत्याही राज्याला कराराची बंधनं कमकुवत करणारा कायदा करता येणार नाही. विश्वस्त कोण नेमणार हा त्या कराराचा गाभा होता. १८१६ च्या कायद्याने देणगीदारांच्या इच्छेच्या जागी राज्याची इच्छा आणून बसवली, म्हणून तो घटनाबाह्य.

बरेच लेख इथे संपतात: 'खाजगी संस्थांचा विजय'. तुम्ही इथे थांबू नका.

स्टोरींनी उघडी ठेवलेली खिडकी

न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी वेगळं सहमतीचं निकालपत्र लिहिलं. त्यात त्यांनी जाता जाता सांगितलं की सनद देतानाच राज्याने ती बदलण्याचा अधिकार राखून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. राज्यांच्या कायदेमंडळांनी हा इशारा बरोब्बर उचलला. त्यानंतर नव्या सनदांमध्ये, कॉर्पोरेशनच्या सर्वसाधारण कायद्यांमध्ये आणि काही राज्यांच्या घटनांमध्येही 'बदलण्याचा अधिकार राखून' अशी कलमं येऊ लागली. म्हणजे ज्या निकालाने राज्याचे हात बांधले, त्याच निकालाने गाठ सोडायची रीतही शिकवली.

याच राज्याचा आजचा कायदा बघा. न्यू हॅम्पशायरमध्ये धर्मादाय स्वरूपाच्या ना-नफा कॉर्पोरेशनच्या मंडळावर मताधिकार असलेले किमान ५ सदस्य असावे लागतात आणि ते एकाच कुटुंबातले किंवा रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातले चालत नाहीत. कॅलिफोर्नियाचा कायदा वेगळ्या बाजूने जातो: लोककल्याणकारी ना-नफा संस्थेच्या मंडळात संस्थेकडूनच मोबदला घेणारे लोक आणि त्यांचे नातेवाईक मिळून ४९ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत.

फरक कळला का? १८१६ चा कायदा माणसं नेमत होता. आजचे हे कायदे चौकट सांगतात: किती जण, कसे नकोत. नावं संस्थेने ठरवायची. या विषयावर काम करताना मी कायद्यांची अशीच विभागणी करते: नेमणारे कायदे, चौकट घालणारे कायदे, आणि तिसरे नोंद मागणारे कायदे. तिसऱ्यांकडे शेवटी येऊ.

देणगीदारांची इच्छा म्हणजे नेमकी कुणाची?

मार्शल यांचं सगळं निकालपत्र देणगीदारांच्या इच्छेवर उभं आहे. पण ऑकम यांनी ब्रिटनमध्ये जो पैसा गोळा केला तो मूळ रहिवाशांच्या शिक्षणासाठी. सनदेतही त्यांच्या मुलांचा उल्लेख आधी येतो आणि मग 'इंग्रज व इतर' तरुणांचा. प्रत्यक्षात कॉलेज जवळजवळ पूर्ण गोऱ्या मुलांचं झालं. लंडनचे विश्वस्त कॉलेजच्या कल्पनेवर आधीपासून नाराज होते. ऑकम यांनी तर १७७१ मध्येच व्हीलॉकना कडवट पत्र लिहून सुनावलं होतं की तुमची संस्था गोऱ्यांचीच आई झाली आहे. पहिल्या २०० वर्षांत तिथून पदवी घेतलेले मूळ रहिवासी विद्यार्थी विसाच्या आत आहेत.

म्हणजे १८१९ मध्ये कोर्टाने देणगीदारांची इच्छा वाचवली म्हणावं, तर ती ५० वर्षांपूर्वीच बाजूला पडलेली होती, आणि ती बाजूला पाडणारं मंडळ राज्याने नाही, सनदेनेच नेमलेलं होतं. खटल्यात दोन्ही पक्ष 'खरा वारस कोण' यावर भांडले. ज्यांच्या नावाने पैसा जमला त्यांच्या बाजूने बोलायला कोर्टात कुणीच नव्हतं. २०२२ मध्ये डार्टमथने ऑकम यांची कागदपत्रं मोहिगन जमातीला परत केली. दप्तर कुणाकडे असावं या प्रश्नाला मिळालेलं हे एक उत्तर. ते यायला २०० वर्षं लागली.

संशोधनात निकालपत्रावरच थांबलं की हे असं सुटतं. पक्षकारांच्या यादीत कोण नाही, हेही शोधा.

आणखी एक इशारा, साधनांबद्दल. हा खटला लोकांच्या लक्षात आहे तो वेब्स्टर यांच्या शेवटच्या भावुक उद्गारांमुळे, आपल्या छोट्याशा कॉलेजबद्दलच्या. पण खटल्याच्या अधिकृत अहवालात ते उद्गार नाहीत. युक्तिवाद ऐकायला हजर असलेले प्राध्यापक चॉन्सी गुडरिच यांनी १८५२ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी, ते आठवून लिहिले आणि रूफस चोट यांनी १८५३ च्या श्रद्धांजलीच्या भाषणात वापरले. उद्गार खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण प्रबंधात ते १८१८ चं साधन म्हणून देऊ नका. ते १८५२ च्या आठवणीचं साधन आहे.

भारतात हाच प्रश्न

डार्टमथ खटला आपल्याकडे लागू होत नाही, कारण आपल्या घटनेत तसं करार-कलम नाही. पण भांडण तेच आहे, फक्त दार वेगळं. हिंदी साहित्य संमेलन ही अलाहाबादची संस्था, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली. अंतर्गत वाद झाले आणि उत्तर प्रदेशने १९५६ मध्ये तिच्यासाठी खास कायदा केला. हायकोर्टाने तो रद्द केला. मग संसदेने १९६२ मध्ये दुसरा केला. दमयंती नारंगा विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोही रद्द केला. आधार होता अनुच्छेद १९(१)(ग), संघ स्थापन करण्याचं स्वातंत्र्य. कोर्टाचं म्हणणं असं की संघ स्थापन करण्याच्या हक्कात, ज्यांना आपण स्वीकारलं त्यांच्यासोबतच तो चालू ठेवण्याचा हक्कही येतो. कायद्याने बाहेरून सदस्य घुसवले तर तो संघ मूळ लोकांचा राहत नाही.

याच्या शेजारी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचा १९६१ चा निकाल ठेवून वाचा. तिथे १९५२ च्या कायद्याने जुनं विश्वस्त मंडळ विसर्जित करून मालमत्ता नव्या बोर्डाकडे दिली आणि सुप्रीम कोर्टाने तो कायदा टिकवला. वरवर बघता संस्था मोडणं हा मोठा हस्तक्षेप आणि नवे सदस्य घालणं छोटा. तरी मोठा टिकला आणि छोटा रद्द झाला! हे कोडं सोडवायचा प्रयत्न करा. सेमिनार पेपरला पुरेल एवढा ऐवज त्यात आहे.

महाराष्ट्रात नेमणारे कायदेही आहेत. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० चा आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. दोन्हीकडे व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमतं. म्हणून सरकार बदललं की 'शिर्डीच्या मंडळावर कोण?' ही बातमी होते. प्लमर यांना हे वाचून आश्चर्य वाटलं नसतं.

कायदा हातात घेतलात की

मंडळाबद्दलचा कुठलाही कायदा किंवा संस्थेची घटना वाचताना मी पाच प्रश्न वहीत लिहून ठेवते:

१. पहिलं मंडळ कोण नेमतं?
२. रिकामी जागा कोण भरतं? (पहिल्या प्रश्नापेक्षा हा महत्त्वाचा. पहिलं मंडळ दहा-वीस वर्षांत संपतं, जागा भरण्याची रीत टिकते.)
३. कोरम किती, आणि तो बदलायचा अधिकार कुणाला?
४. सदस्याला काढू कोण शकतं?
५. मंडळाच्या निर्णयावर आणखी कुणाचा नकाराधिकार आहे का?

१८१६ च्या कायद्याला हे प्रश्न लावून बघा. नाव बदलणं हा सगळ्यात गाजलेला भाग, पण या पाचांत तो कुठेच बसत नाही. खरा ताबा २ आणि ५ मधून गेला, आणि डिसेंबरमध्ये ३ मधून.

आता तिसऱ्या प्रकारचे, नोंद मागणारे कायदे. आपल्याकडे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्याच्या कलम २२ नुसार विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. यालाच सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. यात कायदा कुणाला नेमत नाही, फक्त 'काय बदललं ते सांगा' म्हणतो. पण दोन गट झाले की भांडण याच कागदावर होतं, दोघांचे वेगवेगळे चेंज रिपोर्ट दाखल होतात आणि कुठला मंजूर होतो यावर शाळा, मंदिर, वाचनालय कुणाकडे ते ठरतं. संशोधकासाठी हा खजिना आहे. एखाद्या संस्थेचा शेड्यूल एकचा उतारा आणि तिचे सगळे चेंज रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. ५० वर्षांत आडनावं कशी बदलली, कधी बदलली, कुठे बदललीच नाहीत, हे समोर दिसतं. संस्थेच्या स्मरणिकेत ते कधीच सापडणार नाही.

तेव्हा विषय निवडताना फार लांब जायची गरज नाही. तुमच्या गावातली एक जुनी संस्था घ्या आणि पहिला प्रश्न तोच विचारा: शिक्का सध्या कुणाकडे आहे, आणि तो त्याच्याकडे कसा आला?